अक्काची दुसरी ड्युटी

अक्का,

तू गेल्यावरचं पुण्यानुमोदन परवा झालं. भंतेजींनी वंदना घेतली, मग लोक उठून बोलले. डेपोतून आलेल्या प्रत्येकाने ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द वापरला. तू असतीस तर मला कोपराने ढोसून म्हणाली असतीस, ‘जितेपणी एकानं म्हणलं न्हाई.’ माझ्यापुढे माईक आला तेव्हा मी नको म्हणून मान हलवली. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुला माहीतच आहे. दुकानात गिऱ्हाइकाशी जेवढं बोलतो तेवढंच माझं बोलणं.

पण जेवायला बसल्यावर आपल्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, एक वाक्य टाकलं आणि ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. ते म्हणाले, “एवढं सकाळ-संध्याकाळ मोबाईलमधी बघूबघू गोळ्या घेत व्हती पोरगी. काय फायदा झाला मंग?” तात्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बोलताना त्यांचे डोळे वाहत होते. पंगत तशीच जेवत राहिली, मीही भाकरी मोडत राहिलो. तू असतीस तर घास खाली ठेवून तिथल्या तिथं उत्तर दिलं असतंस. आता ते काम माझ्याकडे आलंय, आणि मला ते लिहूनच जमेल.

पहिला झटका आला तेव्हा तू ड्युटीवर होतीस. जालन्याहून अंबडमार्गे घनसावंगीला येणारी दुपारची गाडी, रहीमभाई ड्रायव्हर. ही गोष्ट रहीमभाईंनी मला इतक्यांदा सांगितलीय की मीच त्या गाडीत होतो असं वाटतं. तिकिटं काढत तू मागच्या सीटपर्यंत गेलीस आणि दांडा धरून उभी राहिलीस. जबडा सकाळपासून दुखत होता. दाढ असेल म्हणून तू लवंग धरली होतीस. मग दरदरून घाम सुटला. तू एकदाच घंटी वाजवलीस. एक घंटी म्हणजे थांबा. इथं रानात कोण उतरतंय म्हणून रहीमभाईंनी आरशात पाहिलं, तर तू दोन सीटांमधल्या वाटेत खाली पत्र्यावर बसलेली.

“बाई, क्या हुआ? काय झालं?”

“काय न्हाई, दाढ हाय. दोन मिनिटं थांबा. पॅसेंजरला उशीर व्हईल पण.”

रहीमभाईंनी तुझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि कुणाला न विचारता गाडी सोडली. भरलेली एसटी, मधला एकही थांबा न घेता, सरळ अंबडच्या दवाखान्याच्या फाटकातून आत. वाटेत एका म्हातारीने तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिचं गाव मागं पडलं तरी ती बोलली नाही. आणि स्ट्रेचरवर चढवत असताना तू रहीमभाईंना सांगितलंस, “ह्या आजीचं गाव मागं राह्यलं. तिला आधी सोडून या.” रहीमभाई हे सांगताना अजूनही टोपी काढून डोकं खाजवतात. म्हणतात, “मिलिंदभाई, मेरे तो हातपाय थंडे पडे थे, आणि ही बाई पॅसेंजर मोजून राह्यली.”

अंबडहून ॲम्ब्युलन्सने तुला जालन्याला नेलं, तिथे स्टेंट बसला. मी पोचलो तेव्हा तू वॉर्डात छताकडे बघत पडली होतीस. मला वाटलं रडशील. तू म्हणालीस, “मला काय कळलंच न्हाई रे. माझंच काळीज, आणि मलाच कळलं न्हाई.” तुला मरणाची भीती नव्हती वाटली. तुला राग आला होता, आपल्याला कळलं नाही याचा. पुढची सगळी वर्षं तू ज्या चिकाटीने काढलीस, तिचं मूळ त्या रागात होतं, असं मला आता वाटतं.

सुटी मिळताना पिशवीभर गोळ्या मिळाल्या. डॉक्टर भले माणूस, पण बाहेर रांग होती, त्यांनी भराभर सांगितलं. मीठ कमी, चालणं रोज, बीपी लिहून ठेवा, ही गोळी कधीच चुकवू नका, ही रिकाम्या पोटी. मी मोबाईलवाला. मला जे येतं तेच मी केलं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून तुझ्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. हृदयाच्या पेशंटसाठीचं, मराठीतलं. त्यात गोळ्यांची वेळ लावता येत होती, बीपी टाकता येत होता, चालणं मोजलं जात होतं.

तोवर तुझ्या फोनचा उपयोग भीमगीतं ऐकण्यापुरता आणि डेपोच्या ग्रुपवर सकाळी ‘जय भीम’ टाकण्यापुरता. ॲपने पहिलाच प्रश्न विचारला, ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ आणि खाली हसऱ्यापासून रडक्यापर्यंत ओळीने तोंडं दाखवली. तू चष्मा लावून एकेक तोंड निरखलंस.

“ह्यातलं माझं एकबी न्हाई.”

“अक्का, कोणतंबी दाब. पुढं जायचंय.”

“कोणतंबी कसं? खोटं तिकीट फाडू का?”

शेवटी मधलं सरळ तोंड दाबलंस आणि म्हणालीस, “हे जरासं बराबर हाय. ड्युटी बदलल्यावर असंच तोंड राह्यतं.”

गोळ्यांची नावं तुझ्या जिभेवर बसेनात. इंग्रजी, लांबलचक, एकासारखी एक. मी पाकिटांचे फोटो काढून ॲपमध्ये टाकले, पण नावाची जागा तू मला भरू दिली नाहीस. सकाळच्या गोळ्यांना तू ‘जालना’ नाव दिलंस, दुपारच्या गोळीला ‘अंबड’ आणि झोपायच्या आधीच्यांना ‘घनसावंगी’. फोन वाजला की घरात कुणीही असो, तू उठायचीस. “अंबड आलं.” पाहुण्यांना वाटायचं बाईला बसमधून उतरल्यावरही बस सुटेना. पण तुझी एक गोळी चुकली नाही. कंडक्टरचा थांबा चुकतो का?

खाण्याच्या पानावर तर आपण दोघं हसून बेजार झालो. त्यात परदेशी मासा, हिरवं फुलकोबीसारखं काहीतरी आणि ओट्स. “हे घनसावंगीच्या बाजारात कुठं बसतं रे?” असं विचारून तू ते पान बाजूला सारलंस. पण सोडून नाही दिलंस. तू त्यामागचं कारण वाचलंस. मीठ का नको, तेल का कमी, पालेभाजी का. मग आपलं आपण जुळवलंस. भाकरी होतीच. मेथी, चुका, ढेमसं होतं. ठेच्यातलं मीठ तू रोज थोडं थोडं कमी करत नेलंस, लिंबू वाढवत नेलंस. एक दिवस मी तुझ्याकडे जेवलो आणि म्हणालो, आज ठेचा चांगला झालाय. तू माझ्या ताटात आणखी थोडा वाढलास. त्यात मीठ नव्हतंच.

आणि चालणं. गावात बाईमाणूस बिनकामाचं चालत नाही, अक्का, हे तुझ्याइतकं कुणी भोगलं नसेल. मोठ्या रस्त्याला उसाच्या गाड्या, म्हणून तू कालव्याच्या कडेने जायचीस. वाटेतला प्रत्येक माणूस विचारायचा, “कुठं निघाल्या बाई?” मी तुला सुचवलं, हातात एखादी पिशवी धर, म्हणजे कुणी विचारणार नाही. तू म्हणालीस, “का? चालायला निघाले म्हणायची चोरी हाय का?” आणि प्रत्येकाला तेच उत्तर दिलंस, “चालायला चालले.” महिनाभराने लोकांनी विचारणं सोडलं.

त्याच वाटेवर सुलोचनाकाकूंचं शेत. त्यांच्या रानात आपल्या आईने कापूस वेचलाय, हे तुलाही आठवत होतं आणि त्यांनाही. एका सकाळी काकू बांधावर तुझी वाट बघत उभ्या होत्या. मान खाली घालून म्हणाल्या, “कांताबाई, तुमच्या फोनात ते गोळीचं वाजतं म्हणं. माझ्याबी फोनात पोरानं पुण्याहून आल्यावर टाकून देल्तं. पण मला उघडता येत न्हाई, अन् पोराला सारखं विचारायला लाज वाटती.” त्यांची बायपास झाली होती आणि गावात त्यांनी ते कळू दिलं नव्हतं. पदर गळ्यापर्यंत घेऊन त्या छातीवरचा टाका झाकत होत्या. तू त्यांचा फोन हातात घेतलास, बांधावर बसलीस आणि शिकवलंस. मला तू कधी इतकं सावकाश काही शिकवलं नाहीस. सायकल शिकवताना तर ढकलूनच दिलं होतंस. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दोघी चालायला लागलात. पुढे काकू गळ्याशी धरलेला पदर सैल सोडून तुझ्या स्वयंपाकघरात बसायच्या, बिनसाखरेचा चहा प्यायच्या. दोघी घोट घेऊन सारखंच तोंड वाकडं करायच्या.

तात्यांना सांगायची मुख्य गोष्ट मात्र खोकल्याची आहे. डिस्चार्जनंतर काही आठवड्यांनी तुला कोरडा खोकला लागला. थांबेना. डेपोतल्या एकीने सांगितलं, “त्या गोळ्यानंच हाय, बंद करून टाक, माझ्या दिरानं केल्ती.” तू बंद केली नाहीस. खोकला कधी येतो, किती येतो, ते ॲपमध्ये टिपत गेलीस. बीपी रोज टाकलास. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर फोन ठेवलास. “साहेब, गोळी मी सोडली न्हाई. पण खोकला कव्हापासून हाय ते ह्यात बघा.” डॉक्टरांनी बोटाने वर-खाली करत सगळं वाचलं, मग म्हणाले, “काही जणांना ह्या गोळीने असं होतं. बदलून देतो. बरं झालं बंद नाही केली.” खोकला गेला. घरी येताना तू जीपमध्ये मला म्हणालीस, “त्या बाईच्या दिराचं काय झालं, विचारायचं राह्यलं.” चौकशी केली तर तो पुन्हा दवाखान्यात होता. तेव्हापासून डेपोत तू एकच वाक्य सगळ्यांना ऐकवायचीस, “गोळी आपल्या मनानं सोडायची न्हाई. आपलं मन डॉक्टर न्हाई.”

आपलं भांडण झालं ते ड्युटीवरून. तुला डेपोत टेबलाचं काम मिळालं होतं. सावलीचं, पंख्याखालचं. मला तेच बरं वाटत होतं. भाऊजी गेल्यावर त्यांच्या जागी तू नोकरीला लागलीस, इतकी वर्षं उभ्याने काढलीस. आता बस की. पण ॲपमध्ये एक जागा होती, ‘तुमचं ध्येय’. तिथं सुचवलेलं होतं, वजन कमी करणे, ताण कमी करणे, नियमित व्यायाम. तू ते सगळं सोडून स्वतः टाईप केलंस, ‘गाडी’.

“गाडी म्हणजे?”

“गाडी म्हणजे गाडी. मला टेबलावर मरायचं न्हाई, मिलिंद.”

“गाडीत मरायचं का मंग?”

“मरायचंच न्हाई. जगायचंय. पण गाडीत.”

डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवून बघितलं, महामंडळाने त्यांच्या पद्धतीने तपासलं, आणि तू परत गाडीवर गेलीस. पहिल्या दिवशी रहीमभाईंनी स्टेअरिंगला झेंडूचा हार घातला होता. संध्याकाळी तू दुकानात आलीस आणि फोन माझ्यापुढे आपटलास. “हे बघ, किती चालले म्हणून सांगतंय हे.” आकडा इतका मोठा होता की माणूस चालत पार परतूरला जाऊन येईल. ॲपने वर फटाके उडवून अभिनंदनही केलं होतं. मला उलगडा होईना. तू खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलीस. “अरे, खड्डे मोजून राह्यलंय ते! मी बसलेली, गाडी उडून राह्यली, अन् हे म्हणतंय बाई चालली!” त्यानंतर ड्युटीच्या वेळेचं चालणं तू धरलंच नाहीस. कालव्याचंच खरं धरायचीस. खोटे फटाके नको, म्हणायचीस.

तुझा बीपी माझ्या फोनवरही दिसायचा. मीच तशी सोय करून ठेवली होती. दुकानात एखाद्या मोबाईलचा डिस्प्ले उघडलेला असायचा आणि शेजारी माझ्या फोनवर तुझा आकडा यायचा. जरा वर गेला की मी लगेच फोन लावायचो. तू गर्दीच्या गाडीत, एका हातात तिकिटाचं मशीन, फोन कानाला. “काय खाल्लं? कुणाशी भांडली? जल्दी सांग.” एके दिवशी दुकानात येऊन तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “मिलिंद, मी तुझ्या टेबलावर उघडून ठेवलेला मोबाईल न्हाई.” आणि समोर बसून, कुठलं बटण दाबायचं ते मला न विचारता, तू माझ्याकडे येणारं बंद केलंस. ते बंद कसं करायचं हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू स्वतः शोधलं होतंस. मला राग आला, आणि त्या रागाच्या पोटात मला अभिमानही वाटला. पण सांगतो, अक्का, मला अजूनही माझंच बरोबर वाटतं. घरच्या एकाला तरी दिसायला पाहिजे होतं. तू म्हणायचीस, दिसण्यानं काळजी घेतली जात नाही, काळजी ज्याची त्यालाच घ्यावी लागते. हा वाद आपण मिटवला नाही. एवढ्यात मिटवायची घाईही नव्हती, आपल्याला वाटत होतं.

दुसरा झटका सकाळी आला. तू अंगणात मेथी निवडत होतीस. ह्या वेळी जबडा नाही, छाती आणि पाठ. ह्या वेळी तुला कळलं. काकू तिथंच होत्या, त्यांनी मला सगळं सांगितलं. तू मेथीची परडी बाजूला ठेवलीस, भिंतीला टेकून बसलीस, डॉक्टरांनी सांगून ठेवलेली गोळी जिभेखाली धरलीस आणि काकूंना म्हणालीस, “एकशेआठला लावा. घाबरू नका. मिलिंदला मंग लावा, आधी एकशेआठ.” मी आलो तेव्हा ॲम्ब्युलन्स फाटकात होती. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. म्हणाले, वेळेत आणलंत. पण हृदय थकलेलं आहे.

तरी दोन-तीन दिवस मिळाले आपल्याला. तू शुद्धीत होतीस, बोलत होतीस. रहीमभाई निवृत्त झालेले, ते काठी टेकत आले आणि तुझ्या पायांशी उभे राहून नुसते “बाई, बाई” म्हणत राहिले. तू त्यांनाच धीर दिलास. मला म्हणालीस, “ह्या टायमाला मला कळलं, मिलिंद.” ते तू दुःखाने नाही म्हणालीस. एखादी अवघड परीक्षा देऊन बाहेर आलेल्या माणसाचा आवाज होता तो.

तर तात्या, फायदा हा झाला. मोबाईलने अक्काला मरणापासून वाचवलं नाही. मोबाईल ते करत नाही, कुणीच ते करत नाही. पण मधली वर्षं तिची होती. कुणाच्या उपकाराची नव्हती. ती गाडीवर परत गेली, कालव्यावर चालली, एका घाबरलेल्या बाईला गळ्यापर्यंत ओढलेला पदर सैल सोडायला तिने शिकवलं, बिनमिठाचा ठेचा केला आणि भावाशी भांडली. पहिल्या वेळी तिचं शरीर तिला परकं होतं. दुसऱ्या वेळी ते तिच्या ओळखीचं झालं होतं. मोबाईल तिथं फक्त आठवण करून द्यायला होता. उठायचं काम तिचंच होतं, आणि ती प्रत्येक वेळी उठली.

तुला सांगायचं राहून गेलेलं पुष्कळ आहे, अक्का. भाऊजी गेले तेव्हा तुझं वय काय होतं, हे मला परवा पहिल्यांदा मोजावंसं वाटलं, आणि मी मोजलं नाही. तू इतकी लहान होतीस हे मला सोसलं नसतं. तुझा युनिफॉर्म मी इस्त्री करून ठेवलाय. कुणाला द्यायचा ते ठरत नाही. तुझा मला किती अभिमान होता, हे मी तुला एकदाही म्हणालो नाही. आपल्याकडे भाऊ बहिणीला असं म्हणत नाहीत. म्हणायला पाहिजे.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मला दारात थांबवून विचारलं होतं, “तुम्ही सख्खे भाऊ ना? मग तुमचीपण तपासणी करून घ्या.” मी हो हो म्हणून कटवलं. पण तू खाटेवरून ऐकलंस. हाताने जवळ बोलावलंस. “करून घे. कबूल कर.” मी कबूल म्हणालो. “असं न्हाई. नीट कबूल कर.” मी तुझा हात धरून नीट कबूल केलं.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी जालन्याला जाऊन रक्त दिलं, ईसीजी काढला. रिपोर्ट उद्या मिळेल. परत येऊन स्टुलावर बसलो आणि कितीतरी लोकांच्या फोनमध्ये जे टाकून दिलं, ते ॲप पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या फोनमध्ये टाकलं. नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, ‘तुमच्या कुटुंबात कुणाला हृदयविकार होता का?’ मी ‘हो’ दाबलं. खाली नाती आली. वडील, आई, भाऊ, बहीण. मी ‘बहीण’वर बोट ठेवलं. तिच्याविषयी त्याने आणखी काही विचारलं नाही. खाली नुसतं एक बटण आलं, ‘पुढे चला’.

ते दाबायला मला बराच वेळ लागला. पण दाबलं, अक्का.